स्वातीचा तारा: म्हातारपणी फुगलेला सूर्याचा भाऊबंद

गच्चीवरचा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात, २० मेच्या रात्री, कुर्ल्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी एक साधा प्रयोग केला. शेजारच्या दुरुस्तीकामावरील गवंड्याकडून त्याचा ओळंबा मागून घेतला, पाण्याच्या टाकीच्या आडव्या पाइपाला तो टांगला आणि ओळंब्याचे टोक बरोबर कपाळावर येईल अशा बेताने खाली चटई टाकून उताणा पडलो. अकरा वाजून पाचेक मिनिटे झाली असतील तेव्हा एक नारिंगी तारा दोरीच्या वरच्या टोकाशी येऊन टेकला, क्षणभर पाइपाआड गेला आणि पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडला. आईला या सगळ्या खटाटोपातून एवढेच कळले की मुलाच्या कपाळावर लोखंडी गोळा टांगलेला आहे, आणि त्या काळजीपोटी ती दोनदा जिना चढून वर येऊन गेली.

तो तारा म्हणजे स्वाती. खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेस त्याचे अंतर, म्हणजे त्याची क्रांती, सध्या सुमारे १९ अंश ३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे, आणि मुंबईतील वांद्रे ते कुर्ला हा पट्टा जवळजवळ तेवढ्याच उत्तर अक्षांशावर येतो. त्यामुळे याम्योत्तर, म्हणजे आकाशात डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा, ओलांडताना तो आमच्या अगदी डोक्यावरून, खस्वस्तिकावरून जातो. ज्यांनी तो अद्याप ओळखून पाहिलेला नाही त्यांनी सप्तर्षीच्या शेपटीतील अंगिरस, वसिष्ठ आणि मरीची यांची वळणदार रेघ तशीच पुढे वाढवावी. ती प्रथम स्वातीवर येते आणि आणखी पुढे नेल्यास चित्रेवर. भूतप या तारकासमूहातील हा सर्वांत तेजस्वी तारा, आणि सबंध आकाशात व्याध, अगस्त्य व मित्र यांच्यानंतरचा चौथा. मित्र हा दुर्बिणीतून दोन ताऱ्यांचा मिळून झालेला दिसतो, त्यामुळे सुटे तारे मोजायचे म्हटले तर स्वातीचा क्रमांक तिसरा लागतो. उत्तर खगोलार्धात मात्र तो निर्विवाद पहिला आहे. त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) उणे ०.०५, आणि अभिजित त्याच्याहून केसभर मंद. मुंबईच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशातही तो दिसतो तो यामुळेच. आमच्या घरी स्वातीला ‘ती’ म्हणतात, परंतु तारा म्हणून मी येथे ‘तो’ लिहीत आहे. कोणी रागावू नये.

हा धागा काढण्याचे खरे कारण वेगळे आहे. स्वातीला ‘राक्षसी तारा’ म्हणतात, आणि ते वाचून बहुतेकांच्या मनात असे चित्र उभे राहते की हा जन्मतःच अवाढव्य असलेला, आपल्या सूर्याशी काही नाते नसलेला तारा असावा. वस्तुतः त्याचे वस्तुमान सूर्याच्या केवळ १.०८ पट आहे, म्हणजे तो सूर्याच्याच कुळातला. त्याचे राक्षसीपण हे वयाचे लक्षण आहे. त्याचे वय सुमारे ७०० कोटी वर्षे मानले जाते आणि सूर्याचे ४६० कोटी. म्हणजे आपण त्याच्याकडे पाहतो तेव्हा घरातल्या थोरल्याकडे पाहून धाकट्याचे पुढे काय होणार याचा अंदाज घेत असतो.

आकडे पाहू. स्वातीची त्रिज्या सूर्याच्या सुमारे २५.४ पट आहे, म्हणजे व्यास साडेतीन कोटी किलोमीटर. सूर्याच्या जागी त्याला आणून बसवला तर त्याचा पृष्ठभाग बुधाच्या कक्षेच्या वाटेवर एक तृतीयांशापर्यंतही पोहोचणार नाही, इतपतच तो मोठा. राक्षसी ताऱ्यांमध्ये तो किरकोळ अंगाचाच म्हणावा लागेल. परंतु वस्तुमान सूर्याएवढेच आणि घनफळ मात्र सोळा हजार पट, हे एकत्र लक्षात घेतले की गंमत कळते. त्याची सरासरी घनता एका घनमीटरला जेमतेम ९० ग्रॅम भरते. गच्चीवर पडल्या पडल्या मी ज्या हवेत श्वास घेत होतो ती घनमीटरला सव्वा किलोच्या आसपास असते. म्हणजे तो डोक्यावरचा झगमगता राक्षस सरासरीने त्या हवेपेक्षा तेरापट विरळ होता. अर्थात ही केवळ सरासरी झाली. ताऱ्याच्या पोटात मध्यभागी पृथ्वीहून काही पटींनीच मोठा असा हेलियमचा गोळा कमालीचा दाटून बसलेला असतो आणि बाकीचा सगळा पसारा त्याच्याभोवती विरळ पसरलेला असतो.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगतो. तारा आयुष्याचा मोठा भाग गाभ्यातील हायड्रोजनपासून हेलियम बनवण्यात घालवतो; सूर्य आज तेच करीत आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तेथे हेलियमची राख उरते, आणि हेलियम पेटण्याइतके तापमान अजून आलेले नसल्याने तो गाभा स्वतःच्या भाराने आक्रसत जातो. त्याच्याभोवतीच्या पातळ कवचात मात्र हायड्रोजनचे ज्वलन चालूच राहते, आणि गाभा जसजसा दाटतो व तापतो तसतसे ते कवच अधिकाधिक जोराने जळते. एवढी ऊर्जा बाहेर जायची तर वरच्या थरांना फुगण्यावाचून गत्यंतर नसते. फुगल्यामुळे पृष्ठभाग थंडावतो आणि तारा नारिंगी-तांबडा दिसू लागतो. स्वातीचा पृष्ठभाग सुमारे ४,२९० केल्विनचा आहे आणि सूर्याचा ५,७७० केल्विनचा. त्याचा वर्णपटीय वर्ग, म्हणजे प्रकाशाच्या पृथक्करणावरून ठरणारा गट, के १.५ असा आहे आणि पुढे राक्षसी ताऱ्यांचा रोमन तीन हा अंक लागतो.

त्याच्या वर्णपटात एक खूण अशी आहे की ती मला या सगळ्या आकड्यांपेक्षा अधिक बोलकी वाटते. कार्बनचे दोन समस्थानिक आहेत, १२ आणि १३. सूर्यमालेत १३ वजनाच्या एका अणूमागे १२ वजनाचे सुमारे ९० अणू आढळतात, तर स्वातीच्या पृष्ठभागावर हेच प्रमाण एकास सात-आठ इतके खाली आलेले आहे. पृष्ठभागावर काही अणुभट्टी नाही. हा माल पोटातून वर आलेला आहे. तारा फुगू लागला की त्याच्या बाह्य थरांतील अभिसरण खूप खोलवर जाते आणि आत शिजलेले द्रव्य, कढईतल्या तळाची खरवड उलथन्याने वर यावी तसे, पृष्ठभागावर आणून टाकते. आपल्याला ताऱ्याच्या पोटात डोकावता येत नाही, परंतु त्याने वर आणलेले द्रव्य तपासता येते.

सूर्याशी असलेले त्याचे नाते मात्र हुबेहूब नाही. त्याच्यात लोह सूर्याच्या साधारण ३० टक्केच आहे, कारण तो आकाशगंगेच्या त्या काळात जन्मला जेव्हा जड मूलद्रव्ये अद्याप फारशी तयार झालेली नव्हती. धातू कमी असले की ताऱ्याच्या अंतर्भागातून प्रकाश सहज वाट काढतो, तारा अधिक तेजाने जळतो आणि त्याचे इंधनही लवकर सरते. जवळपास सूर्याएवढेच वस्तुमान असूनही त्याच्या वयाच्या सातशे कोटी वर्षांतच तो या अवस्थेला आला याचे एक कारण हे आहे.

शंका आणि दुरुस्त्या अवश्य कळवाव्यात.

सांजवेळ

धागा अतिशय आवडला, आणि ओळंब्याची कल्पना तर फारच. माझ्या दोन शंका आहेत. पहिली, पृष्ठभाग सूर्यापेक्षा थंड असूनही तारा सूर्यापेक्षा तेजस्वी कसा असू शकतो? दुसरी, सर्वांत मोठ्या दुर्बिणीतूनही तारे ठिपक्यासारखेच दिसतात असे शाळेत शिकवले होते, मग २५.४ पट असा दशांशापर्यंतचा आकडा कोणी आणि कसा मोजला?

गच्चीवरचा

सांजवेळ, पहिल्या शंकेचे उत्तर आपण स्वतः वहीच्या समासात काढू शकाल. पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ४,२९० ला ५,७७० ने भागून त्याचा चौथा घात घेतला की सुमारे ०.३ येतात, म्हणजे स्वातीचा प्रत्येक चौरस मीटर सूर्याच्या तुलनेत ३० टक्केच ऊर्जा देतो. पण असे चौरस मीटर किती आहेत? त्रिज्येचा वर्ग, म्हणजे २५.४ चा वर्ग, ६४५ पट. दोहोंचा गुणाकार सुमारे १९७ होतो. थोडी वेगळी तापमाने व त्रिज्या घेऊन केलेल्या गणितांत १७० हा आकडा आढळतो, त्यामुळे १७० ते २०० पट असे म्हणणे सुरक्षित. यातील बराच वाटा अवरक्त असल्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापुरते बोलायचे तर तो ११० पटींच्या आसपास उरतो.

दुसऱ्या शंकेबाबत, ताऱ्याची तबकडी थेट दिसत नाही हे खरेच आहे. स्वातीची तबकडी आकाशात सुमारे ०.०२१ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) एवढी भरते. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे कराडला उभे करून ते मुंबईहून पाहावे, कारण या दोन शहरांचे हवाई अंतर २४० किलोमीटर आहे, आणि ते नाणे जेवढे दिसेल तेवढा हा तारा. हे मोजण्यासाठी एकमेकांपासून दूर ठेवलेल्या दोन आरशांवर पडलेला त्याच ताऱ्याचा प्रकाश एकत्र आणून त्यातील व्यतिकरणाच्या, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या, पट्ट्या पाहतात. आरसे दूर दूर नेताना पट्ट्या ज्या अंतरावर पुसट होतात त्यावरून तबकडीचा कोनीय व्यास काढता येतो. माउंट विल्सन वेधशाळेत मायकेलसन आणि पीझ यांनी डिसेंबर १९२० मध्ये या रीतीने प्रथम मृग तारकासमूहातील काक्षी या ताऱ्याचा व्यास मोजला, आणि पुढे स्वातीचाही. कोनीय व्यासाला अंतराने गुणले की खरा व्यास मिळतो.

अंतराचे गणित पराशयावरून, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकल्यासारखा दिसतो त्या कोनावरून, होते. हिप्पार्कस उपग्रहाने स्वातीचा पराशय सुमारे ०.०८९ विकला मोजला, त्यावरून अंतर ३६.७ प्रकाशवर्षे येते. नंतरचा गाया उपग्रह कितीतरी पटींनी अचूक होता, परंतु इतक्या तेजस्वी ताऱ्याने त्याची उपकरणे दिपून जात, त्यामुळे स्वातीपुरते आजही जुन्या हिप्पार्कसवरच भागवावे लागते. याच अंतरावरून एक जुनी हकिकत आठवली. १९३३ साली शिकागोतील जागतिक प्रदर्शनाचे दिवे स्वातीच्या प्रकाशाने लावण्यात आले. दुर्बिणीतून आलेला प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पाडून त्या विद्युतसंकेताने कळ दाबली गेली. हाच तारा निवडण्याचे कारण असे की तेव्हा त्याचे अंतर ४० प्रकाशवर्षे समजले जात असे, आणि आधीचे शिकागो प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, ते १८९३ साली झाले होते. आजच्या आकड्याने पाहिले तर तो प्रकाश १८९६ मध्ये निघालेला होता. जुळवाजुळव तीन वर्षांनी चुकली, परंतु कल्पना सुरेख होती.

कोरडवाहू

मी बीड जिल्ह्यात शेती करतो. आमच्याकडे ‘पडल्या स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ असे म्हणतात, कारण रब्बीची ज्वारी आणि हरभरा पेरला असताना त्या पावसाने जमिनीत ओल धरून राहते. शिंपल्यात स्वातीचा थेंब पडला की मोती होतो, ही गोष्टही लहानपणी आजीकडून ऐकली आहे. मला इतकेच विचारायचे आहे की पंचांगातली स्वाती आणि आपण म्हणता तो तारा ही एकच गोष्ट आहे का? स्वातीचा पाऊस ऑक्टोबरच्या शेवटी पडतो, आणि आपण तर तारा मे महिन्यात डोक्यावर पाहिला.

निवृत्त मास्तर

कोरडवाहू, आपली शंका अगदी योग्य आहे आणि तिचे उत्तर मी देतो. शेतकरी ‘स्वाती लागली’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला असा असतो, साधारण २४ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर. ज्या नक्षत्रात सूर्य असतो ते दिवसा आकाशात असते, म्हणून ते रात्री पाहायचे तर सहा-सात महिने थांबावे लागते. मे महिन्याचा हिशेब असा जुळतो.

तथापि स्वातीची गोष्ट इतर नक्षत्रांहून थोडी निराळी आहे. हा तारा क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गापासून, तब्बल ३१ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे सूर्य कधीच त्याच्या जवळून जात नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे तो सूर्यास्तानंतर सुमारे पाऊण तासाने मावळतो आणि सूर्योदयापूर्वी सुमारे पाऊण तास आधी उगवतो. क्षितिज मोकळे असेल तर एकाच दिवशी पहाटे ईशान्येकडे आणि संध्याकाळी वायव्येकडे तो शोधून पाहता येईल. आपल्या माळावरून हे जमण्याजोगे आहे, आमच्या ठाण्यातून नाही.

आणखी एक चमत्कारिक बाब सांगतो. क्रांतिवृत्तावर मोजलेला भोग पाहिला तर स्वाती आणि चित्रा या दोन ताऱ्यांत अर्ध्या अंशाचाही फरक नाही. एक उत्तरेला दूर, दुसरा क्रांतिवृत्ताला लागून, इतकाच भेद. म्हणजे सत्तावीस समान भागांचा हिशेब काटेकोर लावला तर स्वातीचा तारा चित्रेच्या भागात पडतो. एवढ्या उत्तरेचा तारा नक्षत्रमालिकेत घेतला गेला तो मुख्यतः त्याच्या तेजामुळे, असे माझे मत आहे.

आता गच्चीवरचा यांस एक दुरुस्ती. आपला ओळंब्याचा प्रयोग छान आहे, परंतु डोळा, दोरी आणि पाइप यांच्या मेळात अर्ध्या अंशाची चूक सहज होते, आणि अर्धा अंश म्हणजे जमिनीवर ५५ किलोमीटर. तेव्हा ‘अगदी डोक्यावरून’ हे त्या ओळंब्याने सिद्ध झालेले नाही. ते पुस्तकातल्या आकड्यांवरून सिद्ध होते. ओळंब्याने त्याला विरोध केला नाही, इतकेच.

गच्चीवरचा

मास्तर, चूक मान्य आहे. आपण म्हणता ते वाचून मी आकडे पुन्हा तपासले, आणि त्यातून एक गोष्ट निघाली ती येथे मांडल्यावाचून राहवत नाही. २००० सालच्या आरंभी स्वातीची क्रांती १९ अंश ११ कला होती. ती दरवर्षी सुमारे १८.६ विकलांनी घटत आहे. यातील १६ हून अधिक विकला पृथ्वीच्या अक्षाच्या भोवऱ्यासारख्या डुलण्यामुळे, म्हणजे अयनचलनामुळे, आणि उरलेल्या सुमारे दोन विकला ताऱ्याच्या स्वतःच्या चालीमुळे. एक विकला अक्षांश म्हणजे सुमारे ३१ मीटर. तेव्हा स्वाती ज्या रेषेवर बरोबर डोक्यावर येतो ती रेषा मुंबईतून दरवर्षी पावणेसहाशे मीटरच्या आसपास दक्षिणेकडे सरकत आहे. २००० साली ती मालाडवरून जात होती, आज वांद्र्यावरून जाते, सात-आठ वर्षांनी दादरला पोहोचेल आणि सुमारे तीस वर्षांनी कुलाबा ओलांडून समुद्रात उतरेल. लोकल गाडी हेच अंतर तासाभरात कापते.

रात्रपाळी

सर्वांचे प्रतिसाद वाचून ज्ञानात भर पडली. काही वर्षांपूर्वी काक्षी मंदावल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि तो लवकरच फुटणार असे सगळीकडे लिहिले जात होते. स्वातीही म्हातारा राक्षसी तारा असेल तर तोही असाच फुटेल काय? तो तर काक्षीपेक्षा कितीतरी जवळ आहे, म्हणून विचारतो.

गच्चीवरचा

रात्रपाळी, निश्चिंत असावे. अतिनवतारा म्हणून फुटायचे तर जन्माच्या वेळी सूर्याच्या आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमान लागते. काक्षी आणि ज्येष्ठा हे त्या वर्गातले, त्यांना महाराक्षसी म्हणतात. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत काक्षी मंदावला तो त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्यापासून बनलेल्या धुळीमुळे, असे नंतरच्या निरीक्षणांवरून दिसून आले.

स्वातीचा मार्ग निराळा आहे. त्याच्या गाभ्यातील हेलियमचे तापमान दहा कोटी केल्विनच्या घरात गेले की तो हेलियम एकदम पेटतो. त्याला हेलियमचा भडका म्हणतात. परंतु तो भडका ताऱ्याच्या पोटातच जिरतो, बाहेरून पाहणाऱ्याला काही कळतही नाही. त्यानंतर तारा उलट आकाराने लहान आणि काहीसा शांत होतो, हेलियम जाळून कार्बन व ऑक्सिजन बनवतो, पुढे पुन्हा एकदा फुगतो, बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो आणि अखेरीस पृथ्वीएवढा श्वेत बटू उरतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते स्वाती अद्याप पहिल्यांदा फुगण्याच्या चढावर आहे आणि भडका व्हायचा आहे. आपला सूर्य याच चढाच्या माथ्यावर सुमारे साडेसातशे कोटी वर्षांनी पोहोचेल, तेव्हा तो आजच्या स्वातीपेक्षाही कितीतरी पटींनी मोठा असेल. बुध आणि शुक्र त्यात जातील. पृथ्वी वाचेल की नाही याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत.

तरीही म्हातारा म्हणून स्वाती स्वस्थ बसलेला नाही. त्याचा पृष्ठभाग काही दिवसांच्या आवर्तनाने वरखाली होतो आणि तेजही अगदी किंचित बदलते. डोळ्यांना ते कधीच जाणवणार नाही. या कंपनांवरून ताऱ्याच्या अंतर्भागाचा अदमास घेता येतो. घड्याळजी जुने घड्याळ कानाशी धरून त्याची टिकटिक ऐकतो तसे ते काम आहे.

सांजवेळ

आपण ताऱ्याच्या ‘स्वतःच्या चालीचा’ उल्लेख ओझरता केलात. एका जुन्या पुस्तकात वाचल्याचे आठवते की स्वाती इतक्या वेगाने जात आहे की पाच लाख वर्षांनी तो दिसेनासा होईल. हे खरे आहे का?

निवृत्त मास्तर

चालीचा इतिहास मी सांगतो, गणित गच्चीवरचा यांनी करावे.

तारे एकमेकांच्या संदर्भात जागचे हलत नाहीत ही समजूत मोडली ती ज्या मोजक्या ताऱ्यांमुळे, त्यात स्वाती आहे. १७१८ साली एडमंड हॅली यांनी ग्रीक ज्योतिषांनी नोंदवलेली ताऱ्यांची स्थाने आपल्या काळातील स्थानांशी ताडून पाहिली, तेव्हा व्याध, रोहिणी आणि स्वाती जागा सोडून सरकल्याचे त्यांच्या ध्यानी आले. स्वातीची निजगती वर्षाला २.२८ विकला आहे. ऐकायला ती क्षुल्लक वाटते, परंतु अठराशे वर्षांत तिचा एक अंशाहून अधिक, म्हणजे चंद्राच्या दोन बिंबांएवढा, फरक पडतो. इतक्या तेजस्वी ताऱ्यांत एवढी निजगती फार थोड्यांची आहे.

सूर्याच्या सापेक्ष त्याचा वेग सेकंदाला सुमारे १२२ किलोमीटर आहे. परंतु तो धावत आहे असे म्हणण्यापेक्षा तो मागे पडत आहे असे म्हणणे अधिक बरोबर होईल. सूर्य आणि आसपासचे बहुतेक तारे आकाशगंगेच्या केंद्राभोवती एका जोमाने फिरतात, आणि स्वाती त्यांच्यापेक्षा सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटरने संथ आहे. आपणच त्याला ओलांडून चाललो आहोत. अशाच संथ चालीचे आणखी काही तारे आहेत, ओलिन एगेन यांनी १९७१ मध्ये त्यांचा एक समूह मांडला आणि तो याच ताऱ्याच्या नावाने ओळखला जातो. ही मंडळी आकाशगंगेत विलीन झालेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेतून आलेली असावीत, असे काही संशोधकांनी सुचवले. इतर संशोधक आकाशगंगेच्या स्वतःच्या गुरुत्वीय हेलकाव्यांनी त्याचे स्पष्टीकरण देतात. मला दुसरे मत अधिक पटते.

जाता जाता, खस्वस्तिकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. हवाई बेटे सुमारे १९ ते २२ उत्तर अक्षांशांवर आहेत आणि तेथील दर्यावर्दी या ताऱ्याला होकुलेआ, म्हणजे आनंदाचा तारा, म्हणतात. तो डोक्यावर आला की आपण घरच्या अक्षांशावर पोहोचलो, हे त्यांना कळत असे. याच नावाची पारंपरिक शिडाची होडी १९७६ साली माउ पियाइलुग यांनी कोणत्याही उपकरणाविना हवाईहून ताहितीला नेली.

गच्चीवरचा

मास्तरांनी आज्ञा केली आहे, तेव्हा गणित करतो. सेकंदाला १२२ किलोमीटर म्हणजे अडीच हजार वर्षांत साधारण एक प्रकाशवर्ष. तारा सध्या आपल्याकडे किंचित सरकत आहे आणि सुमारे चार हजार वर्षांनी तो सर्वांत जवळ येईल. परंतु ही जवळीक म्हणजे अवघे तीन शतांश प्रकाशवर्ष, तेव्हा त्याने तेज वाढल्याचे कोणाला कळणार नाही. त्यानंतर तो दूर जाऊ लागेल. पाच लाख वर्षांनी त्याचे अंतर सुमारे दोनशे प्रकाशवर्षे होईल आणि त्याची प्रत ३.७ च्या आसपास उतरेल. मुंबईहून तो तेव्हा दिसणार नाही हे कबूल, पण कोरडवाहू यांच्या माळावरून सहज दिसेल. सहाव्या प्रतीपर्यंत, म्हणजे साध्या डोळ्यांच्या सीमेपर्यंत, जायला तो सरळ रेषेत चालतो आणि त्याची दीप्ती आहे तीच राहते असे धरून चौदा-पंधरा लाख वर्षे लागतात. जुन्या पुस्तकातील आकडा त्यामुळे मला पटत नाही.

कराडकर

कालपर्यंत केवळ वाचत होतो, परंतु धाग्यात आमच्या गावाचे नाव आल्यामुळे लिहिणे भाग पडले. रात्री वीज गेली होती, त्याचा फायदा घेऊन आम्ही बापलेकांनी अंगणात ओळंबा टांगला. आमचा अक्षांश १७ अंश १७ कला असल्यामुळे स्वाती दोरीला टेकणार नाही, तो तिच्या उत्तरेने पावणेदोन अंशांवरून, म्हणजे चंद्राची साडेतीन बिंबे लागोपाठ ठेवावीत एवढ्या अंतरावरून, जाईल असा मुलाने कागदावर हिशेब केला होता. हात लांब करून करंगळी आडवी धरली की ती सुमारे एक अंश झाकते, असे त्याला शाळेत सांगितलेले आहे. साडेदहाच्या सुमारास तारा याम्योत्तरावर आला तेव्हा त्याने दोरी आणि तारा यांच्यामध्ये करंगळ्या मोजल्या. त्या दोनाला थोड्या कमी भरल्या.

त्यानंतर त्याने खिशातून एक नाणे काढून अंगणाच्या भिंतीवर मुंबईच्या दिशेला तोंड करून उभे केले आहे, आणि गच्चीवरचा काकांना ते दिसते का हे विचारून कळवा, असा त्याचा निरोप आहे.